पडद्यावरची अमानत

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आमची भाची काउंटरवर बसते. सकाळी साडेसातला शटर वर जाते आणि उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग लागते. नाव, वय, डॉक्टरांचे नाव, कोणती तपासणी, पैसे किती, हे सगळे ती कॉम्प्युटरवर भरते. दुपारनंतर तिथूनच रिपोर्ट छापून देते.

मागच्या वर्षीची गोष्ट. मोहल्ल्यातले एक वयस्कर गृहस्थ आपला शुगरचा रिपोर्ट न्यायला आले. भाची त्यांना लहानपणापासून चाचा म्हणते. गर्दी होती, म्हणून ते रांगेत न थांबता काउंटरच्या कडेला येऊन, कोपर टेकून उभे राहिले. तिथून स्क्रीन सरळ दिसत होती. स्क्रीनवर शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीची नोंद उघडी होती. नाव, वय आणि खाली तपासणीचे नाव : थुंकी, क्षयरोगासाठी. त्या मुलीचा खोकला तीन आठवडे जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली होती. एवढेच.

चाचांनी वाचले. काही विचारले नाही. आपला कागद घेतला, दुआ दिली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीचा रिपोर्ट आला. क्षयरोग नव्हता. पण तोवर चाचांनी घरी काळजीच्या सुरात विषय काढला होता. घरातून तो शेजारी गेला, शेजारून शिलाईवालीकडे. त्या मुलीची सोयरीक तारीख धरण्यापर्यंत आली होती. आठवड्याच्या आत मुलाकडून निरोप आला, "सध्या राहू द्या." कारण सांगितले नाही. मध्ये असलेल्या बाईंनी मात्र भाचीच्या आईला सांगितले, "पोरीला टीबी आहे म्हणे, लॅबमध्ये कुणीतरी डोळ्यांनी बघितलंय."

ईदला भेटायला आली तेव्हा भाचीने हे आम्हाला सांगितले. ती म्हणाली, "मामू, मी कुणाला एक शब्द बोलले नाही. पण गेलं ते माझ्याच स्क्रीनवरून."

त्या वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

चोरी न करता गेलेली माहिती

कॉम्प्युटरमधली माहिती जाते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुठेतरी दूर बसलेला हॅकर येतो. ओटीपी विचारणारा फोन येतो, खोटी लिंक येते. या धोक्यांबद्दल आता पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या भाचीच्या काउंटरवर यातले काहीच घडले नव्हते. पासवर्ड फुटला नव्हता, व्हायरस शिरला नव्हता. एक माणूस उभा होता आणि त्याला दिसले.

इंग्रजीत या प्रकाराला 'शोल्डर सर्फिंग' म्हणतात, म्हणजे खांद्यावरून डोकावून वाचणे. एटीएमच्या रांगेत मागचा माणूस पिन बघतो तेव्हा ते आपल्या लगेच लक्षात येते. ऑफिसात तेच घडते तेव्हा ते कुणाला खटकत नाही, कारण बघणारा बहुधा ओळखीचा असतो. सहकारी असतो, साहेबांचा मित्र असतो, चहा आणणारा मुलगा असतो, नाहीतर आपलेच चाचा असतात.

हे किती सहज घडते याची एक पाहणी झाली आहे. अमेरिकेतल्या पोनेमन इन्स्टिट्यूटने २०१६ साली भारतासह आठ देशांतल्या कंपन्यांमध्ये प्रयोग केला. कंपनीच्या वरिष्ठांना कल्पना देऊन एक अनोळखी माणूस तात्पुरता कर्मचारी म्हणून आत पाठवायचा आणि त्याने सर्वांच्या देखत टेबलांमधून फिरून गोपनीय काय काय दिसते ते टिपायचे. असे १५७ प्रयत्न झाले. त्यातल्या ९१ टक्के वेळा त्याला गोपनीय माहिती मिळाली. मिळालेल्या माहितीतली निम्म्याहून थोडी जास्त स्क्रीनवरून मिळाली. आणि दर तीन वेळांतल्या साधारण दोन वेळा ऑफिसातल्या कुणीही त्या माणसाला हटकले नाही. या पाहणीचा खर्च स्क्रीनवर लावायच्या फिल्टर बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने केला होता, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. पण आपल्या ऑफिसात बसून चार दिवस आजूबाजूला पाहिले तर हे आकडे फार फुगवलेले वाटत नाहीत.

आपल्या घरातली किती माणसे स्क्रीनसमोर बसतात?

पूर्वी गावात गुपिते मोजक्या लोकांकडे असत. डॉक्टर, तलाठी, पोस्टमन, सावकार. आज आपल्याच घरातली मुले-मुली अशा जागांवर बसली आहेत. कुणी दवाखान्याच्या रिसेप्शनवर, कुणी पतसंस्थेत, कुणी सीएच्या ऑफिसात, कुणी शाळेच्या कार्यालयात, कुणी सेतू केंद्रात, कुणी पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये. पगार बेताचा असतो, पण समोरच्या स्क्रीनवर अख्ख्या गावाची झाकली मूठ उघडी असते.

शाळेच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बापाचे उत्पन्न, बँकेचे खाते, मुलाचा आधार क्रमांक हे सगळे एकाच पानावर दिसते. सीएच्या ऑफिसात विवरणपत्रांची घाई चालू असताना एका व्यापाऱ्याची उलाढाल दुसरा व्यापारी खुर्ची पुढे ओढून वाचू शकतो. पतसंस्थेत कुणाचे किती हप्ते थकले ते दिसते. दवाखान्यात कोणती बाई कोणत्या डॉक्टरकडे कशासाठी आली ते दिसते. कंपनीच्या ऑफिसात कुणाचा पगार किती आणि पुढच्या महिन्यात कुणाला कमी करायचे, त्याची यादीही कुणाच्या तरी स्क्रीनवर असतेच.

ही माहिती त्या खुर्चीवर बसणाऱ्याची नाही. ज्यांची ती आहे त्यांनी विश्वासाने, नाइलाजाने किंवा आजारपणामुळे ती आपल्या हवाली केली आहे. आपल्या घरांमध्ये यासाठी जुना शब्द आहे, अमानत. कुणी दागिन्याची डबी ठेवायला दिली तर आपण ती उघडी ठेवून पाणी आणायला उठत नाही. मग स्क्रीन उघडी ठेवून का उठतो? कुणाच्या दारात जाताना आधी सलाम करावा, इजाजत घ्यावी, फटीतून आत डोकावू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. घराच्या दाराला लागू असलेला हा अदब आता कॉम्प्युटरलाही लावण्याची वेळ आली आहे.

यातले बहुतेक उपाय फुकट आहेत. काहींना थोडा खर्च येतो. आणि एक उपाय सर्वांत अवघड आहे, तो म्हणजे तोंड उघडून सांगणे. एकेक करून पाहू.

पहिले काम : खुर्ची आणि टेबल

सर्वांत मोठा फरक स्क्रीनचे तोंड कोणीकडे आहे याने पडतो. आपली पाठ भिंतीला असावी आणि स्क्रीनची पाठ लोकांकडे. बहुतेक काउंटरवर मॉनिटर तिरका ठेवलेला असतो, कारण मधे प्रिंटर असतो, मशीन असते, वायर पुरत नाही. वायर दोन हात लांब घेतली तरी पुष्कळ काम होते.

स्वतः ग्राहकाच्या जागी उभे राहून पाहावे. समोरून पाहावे, दोन्ही कडांना जाऊन पाहावे, बाकावर बसून पाहावे, आत येण्याच्या दारातून पाहावे. ही पाच मिनिटांची फेरी केली की कुठून काय दिसते ते कुणी शिकवावे लागत नाही.

तीन गोष्टी मात्र नेहमी नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे काच. पाठीमागे खिडकी किंवा काचेचे कपाट असेल तर संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यात आपली स्क्रीन आरशासारखी दिसते. तिथे साधा पडदा किंवा चिकटवायची धुरकट फिल्म लावावी. दुसरी म्हणजे कॅमेरा. सुरक्षेसाठी लावलेला सीसीटीव्ही कित्येकदा बरोबर काउंटरवाल्याच्या डोक्यामागे असतो. मग स्क्रीनही रेकॉर्ड होते आणि पासवर्ड टाइप करणारी बोटेही. मालकांना सांगून त्याचा कोन बदलून घ्यावा. कॅमेऱ्याने गल्ला आणि दार पाहावे, की-बोर्ड पाहू नये. तिसरी गोष्ट म्हणजे रांग. बँकेत असते तशी जमिनीवर एक पट्टी आणि 'एका वेळी एकच व्यक्ती' अशी पाटी, एवढ्यानेही माणसे दोन पावले मागे राहतात.

दुसरे काम : फिल्टर, आणि त्याच्या मर्यादा

मोबाइलच्या दुकानात 'प्रायव्हसी ग्लास' मिळते, ती आपल्याला माहीत असते. कडेने पाहिले की फोन काळा दिसतो. तशीच फिल्टर लॅपटॉपला आणि मोठ्या मॉनिटरलाही मिळते. तिच्या आत अतिशय बारीक उभ्या पट्ट्या असतात, खिडकीच्या उभ्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक. समोर बसणाऱ्याकडे उजेड सरळ येतो. कडेने पाहणाऱ्याचा उजेड त्या पट्ट्या अडवतात. चांगल्या फिल्टरमध्ये मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांच्या पलीकडे स्क्रीन काळी दिसू लागते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही सोय आतच असते आणि एक बटण दाबून ती चालू-बंद करता येते.

घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. स्क्रीनचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत इंचांत मोजतात, पण तेवढे पुरत नाही. एकाच इंचाच्या दोन स्क्रीनची लांबी-रुंदी वेगळी असू शकते. म्हणून लांबी आणि उंचीही मोजून न्यावी. फिल्टर लावल्यावर स्क्रीन थोडी मंद होते. उजेड वाढवावा लागतो आणि दिवसभर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर ताण येऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर काढता-घालता येणारी घ्यावी.

आणि मुख्य म्हणजे फिल्टरचा भरवसा कुठवर धरायचा ते समजून घ्यावे. ती कडेच्या माणसापासून वाचवते. बरोबर पाठीमागे उभा असलेला माणूस आपल्याच रेषेत असतो, त्याला सगळे दिसते. तेव्हा खुर्ची आधी नीट लावावी, फिल्टर नंतर घ्यावी. फिल्टर आहे म्हणून स्क्रीन कशीही ठेवली तर पैसे वाया गेले असे समजावे.

तिसरे काम : उठताना कुलूप

पाणी प्यायला उठलो, साहेबांनी बोलावले, नमाजला गेलो, आणि स्क्रीन तशीच. विंडोजच्या कॉम्प्युटरवर की-बोर्डच्या खालच्या ओळीतले खिडकीचे चिन्ह असलेले बटण आणि 'एल' एकत्र दाबले की क्षणात कुलूप लागते. ॲपलच्या मॅकवर कंट्रोल, कमांड आणि 'क्यू' ही तीन बटणे एकत्र दाबावी लागतात. घरातून निघताना दार ओढून घेण्याची सवय असते तशीच ही सवय लावायची. पंधरा दिवस ठरवून केले की हात आपोआप तिकडे जातो.

विसरलोच तर आधार म्हणून कॉम्प्युटर दोन-तीन मिनिटांत आपोआप लॉक होईल अशी सेटिंग करावी. विंडोजमध्ये 'डायनॅमिक लॉक' नावाचीही सोय आहे. आपला फोन ब्लूटूथने जोडून ठेवला की आपण फोन घेऊन दूर गेल्यावर थोड्याच वेळात कॉम्प्युटर स्वतः लॉक होतो. माहिती सुरक्षेचे आयएसओ २७००१ हे आंतरराष्ट्रीय मानक पाळणाऱ्या संस्थांमध्ये तर 'टेबल मोकळे, स्क्रीन मोकळी' हा नियमच असतो. उठताना टेबलावर गोपनीय कागद नको आणि स्क्रीनवर उघडी फाइल नको.

पासवर्डाची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली असेल तर मात्र यातल्या कशाचाच उपयोग नाही. ती चिठ्ठी की-बोर्डखाली सरकवणे हेही लपवणे नव्हे. सगळ्यांना ती जागा माहीत असते.

चौथे काम : लागेल तेवढेच दाखवणे

एका वेळी एकच नोंद उघडी ठेवावी. एकाचे काम संपले की ती बंद करून मगच "पुढचं कोण?" म्हणावे. भाचीच्या काउंटरवर चूक झाली ती इथेच. चाचांचा कागद शोधत असताना आधीच्या मुलीची नोंद समोर उघडी राहिली होती.

यादीत प्रत्येकाचे आजार, रक्कम किंवा आधार क्रमांक दिसण्याची गरज नसते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सांगितले तर यादीत फक्त पावती क्रमांक आणि नाव ठेवता येते, बाकीचे नाव उघडल्यावरच दिसते. कार्डाने पैसे घेणाऱ्या व्यवस्थांमध्ये कार्डाचा अख्खा क्रमांक कर्मचाऱ्याला दाखवत नाहीत, मधले आकडे झाकलेले असतात, ते याच विचाराने. आधारचेही तसेच. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' काढता येते. त्यात १२ आकड्यांपैकी पहिले ८ झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. जिथे फक्त ओळख दाखवायची आहे तिथे आपण स्वतःही हीच प्रत द्यावी.

मीटिंगमध्ये स्क्रीन भिंतीवर दाखवायची असेल किंवा ऑनलाइन शेअर करायची असेल तर अख्खी स्क्रीन न दाखवता फक्त ती एक विंडो शेअर करावी. त्याआधी सूचना बंद कराव्यात. भर मीटिंगमध्ये बायकोचा किंवा डॉक्टरांचा मेसेज कोपऱ्यात झळकल्याचे अनुभव पुष्कळांना आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडले असेल तर घरी निघताना फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते काढून टाकावे. नाहीतर घरातल्या गप्पा रात्रभर ऑफिसात उघड्या असतात. टेबलावर फोन ठेवताना तो पालथा ठेवावा आणि लॉक असताना मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करावी. ओटीपी वाचायला फोन उघडावा लागत नाही, तो वरच दिसतो.

डोळ्यांबरोबर कानांचाही विचार हवा. स्क्रीन झाकली आणि मग "तुमची ती गर्भाची तपासणी ना?" असे हॉलभर ऐकू जाईल असे विचारले तर झाकून काय उपयोग? मोबाइल क्रमांक, आधार, तपासणीचे नाव हे कागदावर लिहून घ्यावे किंवा बोट ठेवून "हीच ना?" असे विचारावे. तो कागदही काम झाल्यावर फाडावा.

घरून काम करणाऱ्यांसाठी

कोरोनानंतर कित्येक घरांत लॅपटॉप आला. दिवाणखान्यात, जेवायच्या टेबलावर ऑफिस भरते. कॉल सेंटरमध्ये काही ठिकाणी मोबाइल आणि कागद-पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत आणि इथे त्याच ग्राहकाची माहिती मुलांच्या, पाहुण्यांच्या समोर उघडी असते. घरातले लोक वाईट नसतात. पण "आमच्या सुनेच्या बँकेत अमक्याचं खातं आहे" हे वाक्य कौतुकाने बोलले तरी बाहेर जायचे ते जातेच.

घरात एक कोपरा ठरवावा, पाठ भिंतीला. प्रवासात, एसटीत किंवा लोकलमध्ये ऑफिसचे काम उघडू नये. आणि घरातल्या मोठ्यांनीही एक करावे. सून किंवा मुलगी कामाला बसली असेल तर "काय चाललंय बघू" म्हणत मागे उभे राहू नये. तिने स्क्रीन वळवली तर तिला काही लपवायचे आहे असा अर्थ काढू नये. तिचे काम दुसऱ्यांचे आहे.

सर्वांत अवघड काम : सांगायचे कसे?

आम्ही भाचीला विचारले, "तू चाचांना बाजूला व्हा का म्हणाली नाहीस?" ती म्हणाली, "मामू, त्यांनी मला कडेवर खेळवलंय. त्यांना कसं म्हणू?"

खरी अडचण हीच आहे. आपल्याकडे मोठ्यांना 'सरका' म्हणणे उद्धटपणा वाटतो. साहेबांच्या मित्राला हटकले तर नोकरीची भीती. मुलीने सांगितले तर "फार शिकली" असा टोमणा. म्हणून गप्प बसले जाते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत तिसरेच कुणीतरी मोजते, जे तिथे हजरही नसते.

उपाय असा की हे सांगण्याचा भार एकट्या काउंटरवालीवर टाकू नये. पाटी मालकाच्या नावाने लावावी : 'रुग्णांची माहिती गोपनीय आहे. कृपया काउंटरच्या आत येऊ नये.' मग तिला एवढेच म्हणावे लागते, "चाचा, इथला नियम आहे." आणि हे बोलताना मान राखता येतो. "तुम्ही बसा, मी तुमचं काढून देते." "साहेब, एक मिनिट, हे दुसऱ्याचं आहे, बंद करते मग बोलू." "भाभी, तुमचंही मी असंच कुणाला दाखवत नाही बरं का." हे शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. ते ऐकल्यावर रागावणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. आपले झाकले जाते हे कळले की दुसऱ्याचे का झाकायचे ते आपोआप समजते.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. छोट्या लॅबवर उद्याच एवढा दंड पडेल असे नव्हे. पण 'स्क्रीन कुणालाही दिसू द्यायची नाही' ही आता मर्जीची गोष्ट राहिलेली नाही, हे मालकांनी समजून घ्यावे.

काही बाबतींत कायदा आधीपासूनच कडक आहे. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार कुणाची ती स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने त्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावीच लागते. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव अधिकार नसलेल्या व्यक्तीला उघड केल्यास डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. आपण रुग्ण म्हणून रांगेत असताना "जरा स्क्रीन तिकडे वळवता का?" असे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. तो आपला हक्क आहे.

आणि रांगेत आपण असताना

हा लेख वाचणाऱ्यांपैकी थोडे जण काउंटरच्या आत असतील, पण बाहेर आपण सगळेच असतो. आपली नजरही कधी ना कधी दुसऱ्याच्या स्क्रीनवर गेलेली असते. जाणे आपल्या हातात नसेल, पण तिथे थांबणे, वाचणे आणि घरी जाऊन सांगणे आपल्या हातात आहे. दिसलेच तर ते तिथेच ठेवून यावे. चाचांनी जे पाहिले ते अर्धेच होते. त्यांना तपासणीचे नाव दिसले, निकाल दिसला नाही. डोळ्यांनी बघितलेले म्हणून लोकांनी ते खरे मानले, आणि ते खरे नव्हतेच. आणि क्षयरोग असता तरी काय झाले असते? तो औषधाने बरा होणारा आजार आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते. जी मुलगी वेळेवर तपासायला गेली तिने शहाणपणाच केला होता. त्या शहाणपणाची तिला शिक्षा झाली. आता त्या गल्लीतली दुसरी कुणी खोकला असताना लॅबची पायरी चढायला दहा वेळा विचार करील, हे नुकसान तर मोजताही येत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही त्या गावी गेलो होतो. लॅबमध्ये डोकावलो. मॉनिटर भिंतीकडे सरकला आहे, प्रिंटर दुसऱ्या टेबलावर गेला आहे. काउंटरच्या कडेला एक फळी लावून वाट बंद केली आहे आणि वर मालकांच्या सहीची पाटी आहे. फिल्टर अजून घेतलेली नाही, पुढच्या महिन्यात घेऊ म्हणतात.

आम्ही बाकावर बसलो असतानाच ते चाचा आले. सवयीने कडेकडे वळले, फळीशी थांबले. भाची उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अस्सलामु अलैकुम चाचा. तुम्ही बाकावर बसा, या ताईंचं झालं की मी आवाज देते."

चाचांनी पाटीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "व अलैकुम अस्सलाम, बेटा," म्हणाले आणि आमच्या शेजारी येऊन बसले. खिशातून चष्मा काढला होता, तो पुन्हा खिशात ठेवला.